कोर्ट हात लावत नाही त्या वस्तू

२ जून १९८६, पेण

वकील म्हणाले, रोज काय घडतं ते तारखेनिशी लिहून ठेवत जा, पुढे कोर्टात उपयोगी पडेल. म्हणून ही वही घेतली. पण पहिलं पान लिहितानाच कळलं की ही कोर्टाला दाखवायची वही होणार नाही. माझ्या मनात जे येतं ते न्यायाधीशाने वाचलं तर नादारी राहील बाजूला, आधी मला आत टाकतील.

तर आज मी, हैबतराव, पेणचा मूर्ती कारखानदार, वय एक्कावन्न, नादारीचा, म्हणजे देणी फेडता येत नाहीत असा, अर्ज करायचं ठरवून आलो. रोह्याच्या गुणाजीशेठची शाडूची आणि रंगाची उधारी आहे, बँकेचं कर्ज आहे. आकडे इथे लिहीत नाही, आकडे बघून बघूनच डोकं उठलंय. दोन वर्षांपूर्वी रोह्यात दुसरी शेड घेतली. धाटावच्या कंपन्यांमुळे तिथे वस्ती वाढतेय, शिफ्टवाला माणूस गणपतीसाठी पेणला कशाला येईल, दारातच घेईल, असा माझा विचार. विचार चुकीचा नव्हता, शेड चुकली. गेल्या श्रावणात नाल्याचं पाणी आत शिरलं आणि चारशे कच्च्या मूर्ती होत्या तिथे सकाळी नुसता चिखल. हौसा, म्हणजे माझी बायको, शेड घेतानाच म्हणाली होती की जागा खोलगट आहे. पण बायका काय, कशालाही नकोच म्हणतात.

शरद वकिलांनी एक गोष्ट मात्र बरी सांगितली. नादारीत सगळंच जात नाही. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, बाईचं मंगळसूत्र आणि कारागिराची हत्यारं, एवढ्याला कोर्ट हात लावत नाही. मी विचारलं, हत्यारं म्हणजे काय काय? ते म्हणाले, "ज्यांच्यावर तुमचं पोट चालतं ती. कोरण्या, ब्रश, साचे." तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. शेड जाऊ दे, टेम्पो जाऊ दे. साचे राहिले की पुढच्या वर्षी हैबतराव पुन्हा उभा. साचे गेले तर मात्र या वयात दुसऱ्याच्या कारखान्यात शाडूची पोती उचलायला जावं लागेल, आणि ते मी करणार नाही.

४ जून

अर्जावर सह्या केल्या. वकील अलिबागला गेले होते, त्यांच्या कारकुनाने कागद पुढे सरकवले. 'धंदा' लिहिलंय तिथे त्याने टाइप केलं होतं, मूर्ती कारागीर. मी पेन काढलं, कारागीर खोडलं, वर कारखानदार लिहिलं आणि शेजारी सही ठोकली. कारकून म्हणाला, साहेबांना विचारू का? म्हटलं, माझा धंदा मला जास्त माहीत की तुझ्या साहेबांना?

बाबा जन्मभर कारागीर राहिले. दुसऱ्याच्या पडवीत मांडी घालून बसायचे आणि मालक आला की मांडी मोडून उठायचे. म्हातारपणी घरच्या पडवीत आपले साचे घातले, पण दारावर पाटी काही लागली नाही. पाटी मी लावली. 'हैबतराव आणि मंडळी, मूर्ती कारखानदार.' नादार व्हायचं असेल तर होईन, पण कारागीर म्हणून होणार नाही.

११ जून

घरातल्या वस्तूंची यादी द्यायची आहे. सकाळपासून हौसाला बोलावतोय, तर ती पडवीत मूर्तींपाशी बसलेली. तिला यायला अकरा वाजले. चहाही मीच केला. मालकिणीची ही रीतभात.

भांडी मोजताना तिने पितळेची मोठी परात वेगळी काढली. म्हटलं, ही का बाजूला?

"ती स्वयंपाकाची नाय. तिच्यात मी शाडू मळते."

"मग लिहितो स्वयंपाकाची. पितळ आहे, वाचेल."

"खोटा कशाला लिवायचा? हत्यारांत लिवा."

परात हत्यारांत लिहिली तर कोर्ट हसेल मला. मी भांड्यांतच लिहिली. तिने परात उचलून परत पडवीत नेली.

हत्यारं अशी: कोरण्या नऊ, सगळ्या बाबांच्या हातच्या. आखणीचे, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखायचे, ब्रश अकरा. साचे चौसष्ट, त्यांतले तेवीस बाबांचे, बाकी माझ्या काळातले. यादीत स्वच्छ लिहिलं की वडिलांनी जाताना हत्यारं माझ्या हवाली केली. कोरण्या जागेवर सापडल्या नाहीत. हौसाला विचारलं तर तिच्या बैठकीखाली, लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेल्या. विचारल्याशिवाय वस्तू हलवू नये एवढं तरी तिला कळायला हवं.

१९ जून

अलिबागची तारीख. वडखळला बस बदलली, पोयनाडला ती बंद पडली. कोर्टात साडेतीन वाजेपर्यंत बाकावर. पुकारा झाला, वकील उभे राहिले, न्यायाधीशांनी कागद उलटला, पुढची तारीख. एवढंच. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण शहाणा नसलेल्याने काय करावं ते कोणी सांगत नाही.

२ जुलै

अर्ज दाखल करून घेतला. कोर्टाने रिसीव्हर नेमला, आपल्या पेणचेच माधवराव, निवृत्त हेडमास्तर. माझी सगळी मालमत्ता आता त्यांच्या ताब्यात, म्हणजे ज्यांना हात लावत नाहीत त्या वस्तू सोडून. पण त्या कोणत्या, यावरच घोडं अडलंय.

गुणाजीशेठच्या वकिलाने हरकत घेतली. तो माझाच अर्ज वाचून दाखवायला लागला. म्हणाला, साहेब, सूट आहे कारागिराच्या हत्यारांना. अर्जदार स्वतःच्या अक्षरात कारागीर खोडून कारखानदार लिहितो आणि वर सही करतो. कारखानदाराचे साचे म्हणजे कारखान्याचा माल. विका आणि देणी भागवा.

शरद वकिलांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खिशातला रुमाल काढून विनाकारण घाम पुसला. बाहेर आल्यावर म्हणाले, "हैबतराव, एका शब्दाने घात केलात."

म्हटलं, लिहिलेलं खरं आहे.

"खरं असेल तर साचे विसरा. नाहीतर सिद्ध करा की तुम्ही स्वतः हाताने काम करता. रिसीव्हर पाहणीला येतील तेव्हा त्यांच्यासमोर एका मूर्तीची आखणी करून दाखवा. पेणच्या मूर्तीचे डोळे बघून माणूस ओळखतो की कारागीर कोण. ते तसा अहवाल देतील."

मी म्हटलं, त्यात काय एवढं. वीस वर्षं गिऱ्हाईक आपल्याकडे येतंय ते डोळ्यांसाठीच. पुढच्या ओट्यावर बसून मी स्वतः सांगतो त्यांना, आमच्याकडची आखणी अशी दुसरीकडे मिळायची नाही.

५ जुलै

आज हात बसवायला म्हणून एक कान तुटलेली मूर्ती घेतली. आखणी म्हणजे फार काही नाही. बुबुळ, पापणीची रेघ आणि वर भुवई. बारीक ब्रश, श्वास रोखायचा आणि एका दमात ओढायची.

ब्रशचे केस फुटलेले होते. शिवाय आभाळ भरून आलेलं, पडवीत उजेड नाही. केरू, आमचा जुना माणूस, सोवळ्याचा पिवळा रंग देत होता, तो सारखा माझ्याकडे बघत होता, त्यामुळेही लक्ष लागलं नाही. एक डोळा दाराकडे गेला, एक खिडकीकडे. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते असं. केरूला म्हटलं, हसतोस काय?

"हसलो नाय मालक. सर्दी झालीय."

दुपारी जेवून आलो तर मूर्ती जागेवर, आणि डोळे पुसून नवे आखलेले. असे की मूर्ती आपल्याकडे बघून काहीतरी विचारतेय असं वाटावं. हौसा तिथेच बसून दुसरी मूर्ती करत होती.  तिची मला मदत असते हे मी कधी नाकारलेलं नाही. पण मदत वेगळी आणि कारखाना वेगळा.

६ जुलै

पुन्हा प्रयत्न केला. तीन मूर्ती. लिहिण्यासारखं काही नाही.

१२ जुलै

पाट यायला लागले. नादारीची बातमी गावभर झाली तरी येताहेत, याचं आश्चर्य वाटलं आणि बरंही वाटलं. शेवटी माझ्या पाटीचं नाव आहे. ज्या घरी गणपती बसतो ते घर आपला पाट आधी आमच्याकडे आणून देतं, वर तांदूळ आणि सुपारी ठेवून. त्याच पाटावर त्यांची मूर्ती घडते. एकदा पाट दिला की दुसऱ्या कारखान्यात जायचं नाही, बोलणं पक्कं. पुरुष माणसं मागाहून पुढच्या ओट्यावर माझ्याशी बोलायला येतात, उंची, बैठक, रंग ठरवतात.

पाट मात्र बायका आणतात आणि मागच्या दाराने. आमच्याकडे पहिल्यापासून तसंच आहे. बायका लाजतात, पुढच्या ओट्यावर चार पुरुष बसलेले असतात, हे मी समजू शकतो. निडीच्या रंभाबाई तर गाडीने येतात, स्टेशनपासून पाट डोक्यावर घेऊन, आणि माझ्यासमोरून जाऊन घराला वळसा घालून मागे जातात. आज मी म्हटलंसुद्धा, द्या इकडेच. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "नको दादा, तुमी बसा." पाऊस एवढा की मागच्या बोळात घोटाभर चिखल, तरी त्यातूनच गेल्या. रीत ती रीत.

२२ जुलै

माधवराव उद्या येणार. आज सकाळपासून उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळली आहे. कापलेलं नाही, पण कोरणीने कापलं असतं तर काय, या धंद्यात कापतंच. हौसाने चिंधीकडे बघितलं आणि हळद आणू का म्हणून विचारलं. नको म्हटलं.

२३ जुलै

आजचा दिवस कुठून लिहू?

माधवराव दहा वाजता आले, छत्री दाराशी उलटी ठेवली, चष्मा पुसला आणि एकेक वस्तू लिहायला लागले. माणूस सभ्य. अंगठा बघून म्हणाले, "अरेरे, मग राहू द्या आखणी." मी म्हटलं, फार वाईट वाटतं, पण काय करणार. तिथेच संपलं असतं. पण त्यांचं लक्ष भिंतीला लावलेल्या पाटांकडे गेलं. सव्वीस पाट.

"हे कोणाचे?"

"गिऱ्हाइकांचे."

"तसं कोणीतरी सांगायला हवं. नाहीतर मला तुमच्या मालमत्तेत धरावे लागतील. नियम आहे."

मग केरूला पाठवलं. जवळच्या आळ्यांतल्या बायका आल्या, धरमतरकडच्या दोघी बाजाराला आल्या होत्या त्या आल्या, आणि रंभाबाईही आज मूर्तीची उंची बदलायची म्हणून निडीहून आलेल्या. आठ-नऊ जणी पडवीत. माधवराव प्रत्येकीला विचारत होते, तुमचा पाट कोणता आणि तो तुम्ही कोणाच्या हाती दिलात. मी पुढे उभा.

रंभाबाई पहिल्या. म्हणाल्या, "ह्यो माझा. हौसाबायच्या हाती दिला."

"हैबतरावांच्या नाही?"

"नाय ओ. जी डोळं आखते तिच्याच हातात पाट द्यायचा, आमच्या सासूनं सांगितलंय. म्हणून तर मागच्या दारानं येतो आमी. दादांना वाईट वाटू नये."

 माधवरावांनी खाली मान घालून ते लिहिलं, शब्दाला शब्द. पुढची बाई, हौसाबायच्या हाती. तिच्या पुढची, हौसाबायच्या. धरमतरकडच्या म्हातारीने तर वर सांगितलं की मामांच्या मागं हिचाच हात चालतो, सगळ्या खाडीला ठाऊक हाय. मामा म्हणजे माझे बाबा.

शेवटी केरूला विचारलं, मालक काय काम करतात? केरू बिचारा घाबरला. "मालक ना, मालक बोलायचा काम करतात," म्हणाला.

हौसा चुलीपाशी होती. एकदाही बाहेर आली नाही. जाताना माधवराव मला म्हणाले, अंगठ्याची काळजी घ्या. त्यांनी टोमणा मारला की खरंच म्हणाले, कळलं नाही. मी चिंधी सोडून परसात फेकली.

२४ जुलै

दिवसभर पुढच्या ओट्यावर बसलो नाही. रस्त्याने कोणी गेलं की वाटतं, यालाही ठाऊक. वीस वर्षं मी आमची आखणी, आमची आखणी करत होतो आणि समोरचा माणूस माना डोलवत होता. हसत असतील घरी जाऊन. कोणी एकाने तरी तोंडावर बोलायचं होतं. मागच्या दाराने येऊन माझी लाज राखली म्हणे. कोणी सांगितली होती राखायला?

संध्याकाळी हौसाला नाही नाही ते बोललो. तूच पढवलंस बायकांना, म्हटलं. ती तांदूळ निवडत होती.

"मी कुणाला काय बोलली नाय."

"मग त्यांना कळलं कसं?"

"हात बघून कळतो, त्याला काय सांगावा लागतो?"

यावर मी आणखी मोठ्याने बोललो. शेजारच्या बायजाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा थांबलो.

२८ जुलै

आज रोह्याला गेलो. माधवरावांनी शेडला सील लावलं. आतलं सामान, टेम्पो, कंप्रेसर, सगळं विक्रीच्या यादीत. गुणाजीशेठ समोर उभा होता, त्याने पान पुढे केलं. मी घेतलं नाही. मग घेतलं. त्याचंही चूक नाही म्हणा, त्यानेही शाडू पैसे देऊनच आणलेली.

तिथून थेट शरद वकिलांकडे. ते माझ्यावर खवळलेले असतील असं वाटलं होतं, पण ते खुर्चीत नीट बसून म्हणाले, "हैबतराव, तुमच्या दृष्टीने वाईट, पण कामाच्या दृष्टीने फार चांगली गोष्ट झाली आहे. तुम्ही कारागीर आहात हे आता कोणी मानणार नाही. पण हत्यारं जर वहिनींची असतील तर सुटीचा प्रश्नच नाही. ती तुमची मालमत्ताच नाही. नादार तुम्ही आहात, त्या नाहीत."

"म्हणजे तिने सांगायचं?"

"त्यांनी सांगितलं तर गुणाजीशेठचा वकील म्हणेल, नवऱ्याला वाचवायला बोलते. आणि तुमच्या यादीत तुम्ही शपथेवर लिहिलंय की वडिलांनी हत्यारं तुमच्या हवाली केली. ते खोटं असेल तर तुम्हालाच उठून सांगावं लागेल. कोर्ट चार शब्द सुनावेल, ते ऐकून घ्या. वडिलांनी ती कोणाला दिली होती?"

मी म्हटलं, विचार करून सांगतो. त्यांनी बघितलं माझ्याकडे. यात विचार कसला करायचा, असंच त्यांना वाटलं असणार.

३० जुलै

हौसाला वकिलांचं म्हणणं सांगितलं. वाटलं होतं, तिला आनंद होईल. ती म्हणाली, "मी कोर्टात बोलायची नाय. नवऱ्याला काम येत नाय असा चार लोकांत मी सांगू? तुमाला सांगायचा तर तुमी सांगा. नायतर जाऊ देत साचे. मी दुसऱ्याच्या कारखान्यात जाईन डोळं करायला, मला कुणी पण घेईल."

आणि खरंच घेतील. पेणेतला कोणताही कारखाना उद्या सकाळी घेईल तिला. हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. मी पोती उचलणार नाही म्हणालो होतो. ती जाणार आणि मी घरी बसून तिची वाट बघणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

२ ऑगस्ट

शरद वकिलांचा निरोप. पाच तारीख पक्की. विचारलंय, काय ठरलं?

काही ठरलेलं नाही. बाबांची आठवण येते आणि राग येतो. मेलेल्या माणसावर रागावून उपयोग नाही हे कळतं, तरी येतो.

५ ऑगस्ट

अलिबागहून परत आलो. आजच लिहितो, नाहीतर उद्या मी हे वेगळंच लिहीन, स्वतःला ओळखतो मी.

हौसा बरोबर आली होती. बोलायचं नाही म्हणाली तरी आली, मागच्या बाकावर पदर घट्ट लपेटून बसली. माधवरावांचा अहवाल वाचला गेला, बायकांच्या जबान्यांसकट. 'मालक बोलायचं काम करतात' हेही वाचलं. कोर्टात दोघे-तिघे हसले. गुणाजीशेठचा वकील उठला, म्हणाला, आता तर उघडच झालं, अर्जदार कारागीर नाही, हत्यारं त्याच्या नावाची, साचे विकायला हरकत नसावी. न्यायाधीशांनी मला विचारलं, तुमचं काय म्हणणं?

मी उभा राहिलो. शरद वकिलांनी शिकवलेलं वाक्य होतं, सदर हत्यारे माझ्या पत्नीच्या मालकीची आहेत. ते तोंडातून निघेना. मग जे निघालं ते असं.

"साहेब, यादीत मी खोटं लिहिलंय. बाबांनी हत्यारं मला दिली नाहीत. मी बारा वर्षांचा असल्यापासून त्यांनी मला शेजारी बसवलं. दहा वर्षं बसवलं. मला येईना. मग माझं लग्न होऊन ही घरात आली. एकदा त्यांनी हिला सहज ब्रश दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या जागेवर ही बसली. मला म्हणाले, तू पुढे बस, लोकांशी बोल. जायच्या आधी आठ दिवस त्यांनी पडवीत कोरण्या आणि ब्रश तिच्या ओटीत घातले आणि साच्यांवर तिचा हात ठेवला. म्हणाले, हे तुझं. मी तेव्हा दाराआड उभा होतो. मला हाक मारतील म्हणून उभा होतो. त्यांनी मारली नाही."

कोर्टात कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी खोटी यादी दिल्याबद्दल सुनावलं, पुन्हा असं आढळलं तर अर्ज फेटाळीन म्हणाले. ऐकून घेतलं. मग त्यांनी सांगितलं ते कारकुनाने उतरवलं. नऊ कोरण्या, अकरा ब्रश, वडिलांच्या वेळचे तेवीस साचे, ही कारागीर हौसा हिची मालमत्ता, नादाराच्या मालमत्तेत धरू नये. बाकी एक्केचाळीस साचे माझ्या पैशाचे, ते विकावेत. गिऱ्हाइकांचे पाट त्यांना मोकळे. शरद वकिलांनी परातीची आठवण करून विचारलं तर न्यायाधीश म्हणाले, भांडी म्हणून लिहिली आहे ना, मग राहू द्या.

तेवीस साचे म्हणजे थोडे नाहीत. तेवढ्यावर एका माणसाचं चालतं. दोघांचंही चालेल.

परतीच्या बसमध्ये हौसाला खिडकी दिली. पोयनाड मागे पडलं. मग म्हणाली, "मामंजींनी दिली तवा तुमी दाराआड हुतात?"

"होतो."

"मला वाटायचा तुमाला ठाव नाय. म्हणून मी कधी माझी हत्यारं बोलली नाय. तुमाला लागंल म्हणून." ती माझ्याकडे वळली. "मामंजी काय बोलायचे माहीत हाय? हैबतीचा हात वाईट नाय, त्याला धीर नाय."

मी तिच्याकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षांचा संसार, आणि हे मी आज ऐकतोय. म्हटलं, "हे तू मला कधी बोलली नाहीस."

"तुमाला धीर कुठं हुता ऐकायला?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. वडखळ येईपर्यंत मी समोरच्या सीटची दांडी धरून बसून राहिलो. मग तिला विचारलं, उद्या सकाळी पडवीत तुझ्या शेजारी किती वाजता बसायचं.